वळचण म्हणजे काय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच.

कसबा बावड्यात आमचं आणि थोरल्या काकूंचं घर एकाच आवारात आहे. परसात त्यांच्या नऊ कोंबड्या होत्या. खुराड्यापुढे जाळी मारून, वर पत्रा टाकून त्यांना फिरायला जागा केलेली. पण पावसाची झड आत यायची आणि नुसता चिखल व्हायचा. काकूंचे गुडघे दुखत होते, म्हणून आडोसा मी करते म्हटलं. मी — जी घरात फारशी बोलत नाही, जिला सगळे 'मॅडम' म्हणतात. काहीतरी करून दाखवायचं असेल मला.

पशुखाद्याची रिकामी पोती उसवली. गल्लीतल्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स मागून आणला. जाळीला तारेनं बांधत गेले. फ्लेक्सवरचा गॉगलवाला आतल्या बाजूला आला, तेव्हा काकू म्हणाल्या, "बघ की, कोंबड्यास्नी पावणा आणलास!" आम्ही दोघी हसलो. मग जाता जाता म्हणाल्या, "चारी बाजू झाक, पर वळचणीला ईतभर मोकळं सोड, काय?"

मी म्हटलं, हो काकू.

वळचण म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. विचारायला किती वेळ लागला असता? पण "विंग्रजी शाळेत घालून पोरीचं मराठी बी गेलं" — हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, दर वेळी हसून. फोनवर शोधणंसुद्धा मला हार मानल्यासारखं वाटलं. मी अंदाज बांधला. वळचण — वळण. जिथे जाळी वळते तो कोपरा. तिथे, अगदी खाली, मी वीतभर जागा सोडली. आणि पत्र्याची कड, जिथून गरम हवा बाहेर पडते — तीच वळचण, हे मला नंतर कळलं — ती तारेचे जवळजवळ टाके घालून पक्की बंद केली. मला काम व्यवस्थित करायची सवय आहे.

दोन दिवस पाऊस होता, काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. आम्ही सगळे जयसिंगपूरला साखरपुड्याला गेलो होतो. परत आलो तेव्हा सात कोंबड्या चोची उघड्या टाकून मेल्या होत्या. आत हात घातला तर वाफ.

दादा, काकूंचा मुलगा, ओरडला, "असं बंद करायला कुणी सांगितलं हुतं?"

आता सांगते. मी म्हणाले, "काकूंनीच. सगळं घट्ट बंद कर म्हणाल्या."

वाटलं, त्या भांडतील. त्यांचा आवाज चार घरं ऐकतात. पण त्या हळूच म्हणाल्या, "म्हणलो आसंन बाई मी. ध्यानात ऱ्हाईना झालंय."

संशय माझ्यावर घेता आला असता. त्यांनी तो स्वतःवर घेतला.

दादानं मात्र ते मनावर घेतलं. उरलेल्या दोन कोंबड्या देऊन टाकल्या. काकूंनी एकट्यानं गॅस पेटवायचा नाही, एकट्यानं बाजारात जायचं नाही. चष्मा कुठे ठेवला ते कोण विसरत नाही? पण काकू विसरल्या की घरातले एकमेकांकडे बघतात. कितीदा तोंडाशी आलं — आणि दर वेळी मी माझाच विचार केला. दोन वर्षं झाली.

काकूंचं डोकं ठीक होतं. त्यांनी बरोबर सांगितलं होतं. खोटं मी बोलले.

आता त्या स्वयंपाक करतात तेव्हा शेजारी मी उभी असते. "हिला इचारावं, हिच्या ध्यानात असतंय," म्हणतात. काल आमटी उकळत होती. मिठाच्या डब्याचं झाकण त्यांनी नुकतंच लावलं होतं, बोटांना मीठ तसंच होतं. तरी त्या थांबल्या, माझ्या तोंडाकडे बघत — "मीठ घातलं का गं मी?"