पहिल्या बोंडावरची शपथ

आज वेचणी सुरू करण्याआधी सुनेनं शेतात सीतादही केलं, कपाशीला दहीभाताचा नैवेद्य दाखवला. त्या आंबूस वासासरशी मी बांधावर जाऊन बसले.

दूरदेशी कुठंतरी लढाई जुंपली होती आणि आमच्या बाळापूरकडचा कापूस सोन्याच्या भावानं जात होता, तेव्हाची गोष्ट. अकोल्याला गाडी खाली केली की माझे धनी दिवसदिवसभर दारूत असायचे. अशाच एका सीतादहीला मी त्यांचा हात पहिल्या बोंडावर ठेवून त्यांना शपथ घ्यायला लावली. त्यांनी दारू खरंच सोडली. मी गावभर सांगत सुटले.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी ते ओसरीवर घामानं निथळत बसले होते. थरथरत्या बोटांनी हवेतून काहीतरी खुडत होते.

"काय करून राहिले तुमी?"

"कापूस वेचून राहिलो. पाह्य ना, किती फुटला. ओटी धर."

ओसरीवर एक बोंडसुद्धा नव्हतं. मी पदराची ओटी धरली आणि ते मूठमूठ हवा तिच्यात टाकत राहिले. दिवस कलायच्या आत ते हात थांबले, ते कायमचेच.

गाव म्हणालं, बाहेरची बाधा झाली. आता परवा दवाखान्यातले डॉक्टर माझ्या जावयाला सांगत होते, "इतक्या वर्षांची दारू एकदम तोडू नका, माणूस दगावतो. आमच्या नजरेखाली कमी करा."

त्या तिसऱ्या दिवशी सकाळी धन्यांनी माझ्याकडे एक घोट मागितला होता. मी त्यांना शपथेची आठवण करून दिली होती.