मधुमालतीजवळची टाळी

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "तुझी ताई गेली गं... झोपेतच," एवढंच म्हणाले. दीड महिना होत आला, पण अजूनही फोन वाजला की मी आधी नाव बघते, मगच उचलते.

शैलाताई माझी मोठी बहीण. दोन हजार सालाच्या आसपास ती गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला, सिल्व्हर पार्कजवळ तळमजल्यावर राहायला आली. चाळीत सतत माणसांचा राबता. इथे भाऊजी ऑफिसला गेले की ही एकटी, आणि येणारे-जाणारे ग्रिलमधून आत बघत जायचे. ताई मुळातच भित्री. दार लावलं तरी पुन्हा पुन्हा कडी बघणारी. आडोसा हवा म्हणून तिने ग्रिललगतच्या हातभर मातीत वेल लावली. नर्सरीवाल्याने हनीसकल म्हणून दिलेली. फुलं आली तेव्हा कळलं, ही तर आपली मधुमालती! मग शेजारी जाई आली, कृष्णकमळ आलं. खिडकी झाकली आणि ताईचा जीव भांड्यात पडला.

ते समाधान फार टिकलं नाही. मागे सगळी खाडीची पाणथळ जमीन. एका सकाळी फुलं काढताना मधुमालतीत तिच्या हाताला सापाची कात लागली... मी तेव्हा तिच्याकडेच होते. ती किंचाळलीसुद्धा नाही, परडी टाकून मागे सरकली; ओरडले मी. सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. "भाभी, ये बेल निकाल दो. कल किसी को साँप ने काटा तो?"

"निकालूंगी तो पूरा रस्ता मेरे घर में देखेगा," ताई म्हणाली. परक्या नजरांची भीती मोठी की सापाची, हे तिला ठरवता येईना. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

वेल राहिली. दुसऱ्या दिवसापासून ताई वेलीला हात लावण्याआधी जोरात टाळी वाजवायला लागली. भाऊजी हसायचे, "झाली आमची आरती सुरू!" मीही चिडवलं, "अगं ताई, सापाला टाळी ऐकू येत नाही."

"त्याला नसेल येत. मला येते ना!"

अशी ती वर्षानुवर्षं घाबरत घाबरत परडी भरत राहिली. एवढं भिऊन रोज बाहेर जाणं मला जमलं नसतं.

परवा गेले, तर भाऊजी म्हणाले, "रविवारी माळी येतोय. वेल काढून टाकतोय. रात्रभर पानं वाजतात... मला एकट्याला भीती वाटते गं." जन्मभर तिला हसलेला माणूस! वेल गेली तर या घरात ताईचं काय उरणार?

निदान शेवटची फुलं तिच्या फोटोला वाहावीत म्हणून परडी घेऊन बाहेर आले. ताई गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता, वेल नुसती माजली होती. आत काय असेल... हात पुढे होईना. नकळत मी टाळी वाजवली.

घरात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भाऊजी धावत दारात आले, आणि मला बघून तिथेच थांबले. त्यांचा चेहरा बघून मी घाबरले.

"हळू वाजवलीस," ते म्हणाले. "ती जोरात वाजवायची."

मी पुन्हा वाजवली. मग त्यांनी माळ्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं आणि चपला घालून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. परडी भरायला खूप वेळ लागला. दोघंही भीत होतो, आणि प्रत्येक घोसाआधी टाळी वाजवत होतो.