मुर्मानच्या गाडीतला अमेरिकन

आमच्या रुस्तावी गावात एखाद्याच्या अंगणात चेपलेली अमेरिकन गाडी येऊन पडली, की शेजारी दोनच गोष्टी विचारतात : कितीला पडली, आणि इंजिन चालू होतं का. कुठे आपटली, आत कोण होतं, हे कुणी विचारत नाही. विकणाराही सांगत नाही. त्याच्या तोंडी एकच वाक्य असतं, "जराशी घासलीय." मुर्मानची गाडी अशी जराशी घासली होती, की बॉनेट काचेला टेकलं होतं आणि डावा दिवा वळून उजव्या दिव्याकडे बघत होता.

"जराशी घासलीय," ट्रकवरून ती उतरवून घेताना मुर्मान बायकोला म्हणाला.

नाझीब्रोलाने हातातल्या झाऱ्यासकट गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "बरं झालं. जास्त घासली असती तर पोत्यात भरून आणली असतीस."

मुर्मानने पोलाद कारखान्यात एकतीस वर्षं क्रेन चालवली होती. वितळलेल्या लोखंडाची बादली लोकांच्या डोक्यावरून अलगद नेणारा हा माणूस निवृत्त होऊन घरी बसला, तेव्हा आधी त्याने इमारतीची लिफ्ट दुरुस्त केली, मग शेजाऱ्यांचे बिघडलेले नळ, आणि मग न बिघडलेले नळ. शेवटी शेजाऱ्यांनीच त्याला मोटारींच्या बाजाराची वाट दाखवली. पण गाडी त्याने वेळ घालवायला घेतली नव्हती. वसंतात सगळ्या अंगणादेखत तो बोलून बसला होता, "यंदा द्राक्षतोडणीला नाझीब्रोलाला माहेरी, राचाला, आपल्या गाडीतून नेणार."

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. दर शरदात नाझीब्रोला माहेरी जायची ती मिनीबसने, मांडीवर वाइनचा रिकामा कॅन घेऊन. परत यायची ती मांडीवर भरलेला कॅन आणि शेजारच्या प्रवाशाचं झोपलेलं डोकं खांद्यावर घेऊन.  मुर्मानचं वचन ऐकून त्या आठवड्यात ती बाजारातून एक काळा गॉगल घेऊन आली आणि कपाटात रुमालाखाली ठेवला. मुर्मानने तो पाहिला होता. त्या दिवसापासून त्याला झोप लागत नव्हती.

काम अंगणातच सुरू झालं. गाडीच्या सांगाड्याचे पुढचे दांडे आत दबले होते. मुर्मानने तुतीच्या म्हाताऱ्या झाडाला साखळी गुंडाळली, दुसरं टोक दांड्याला अडकवलं आणि मधल्या कप्पीचं हँडल बोटभर, बोटभर फिरवत राहिला. लोखंड कण्हायचं, थांबायचं, पुन्हा कण्हायचं. मग तो चाकाचाकांमध्ये तिरपी दोरी ताणून मापं घ्यायचा आणि ती जुळेपर्यंत पुन्हा साखळी. बॉनेट मिळालं ते गडद लाल, गाडी करडी. डावा दिवा एका गाडीचा, रेडिएटर दुसरीचा. मदतीला अकरा माणसं असायची. पाना एकाच्याच हातात, बाकी दहा जणांच्या हातात मत. आणि मत देणाऱ्याला आपल्याकडे उपाशी कसं पाठवायचं? त्यामुळे दर दांड्यामागे नाझीब्रोलाच्या तीन खाचापुरी, म्हणजे चीज भरलेल्या रोट्या, आणि एक पातेलं राजमा खर्ची पडत होता.

फुटलेल्या एअरबॅगा बाहेर लोंबत होत्या. गावात बरेच जण तिथे नुसतं झाकण चिकटवतात.

"दिसायला सारखंच दिसतं," शेजारी बिचिको म्हणाला. "अगदीच वाटलं तर वहिनींकडून आत एक उशी शिवून घे."

"तिथे नाझीब्रोला बसणार आहे," मुर्मान म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन खऱ्या एअरबॅगा घेऊन आला.

या बिचिकोबद्दल सांगायला हवं. गावच्या नाटकगृहात तो अठ्ठावीस वर्षं प्रॉम्प्टर होता. राजे, सेनापती, प्रियकर, सगळे त्याच्या कुजबुजीवर जगले आणि त्याच्या कुजबुजीवर मेले. टाळ्या त्यांना मिळाल्या, बिचिकोला मिळाला खोकला. निवृत्तीनंतर मात्र त्याचा आवाज मोकळा झाला, आणि आमच्या अंगणात कुठलीही मेजवानी असो, तमादा तोच. पेला कुणासाठी उचलायचा ते तमादा ठरवतो, त्यावर बोलतो, आणि बाकीच्यांनी ऐकून प्यायचं असतं. खरं सांगायचं तर बोलायचा सुंदर. लांब, पण सुंदर.

सप्टेंबरअखेरीस गाडी उभी राहिली. बंपर तेवढा बसवायचा राहिला होता, पण बंपरवाचून आमच्याकडे कुणाचं अडत नाही. नवी वस्तू वाइनने ओली केली नाही तर ती लाभत नाही, म्हणून तुतीखाली टेबलं लागली. देवासाठी पेला झाला, शांततेसाठी झाला, यजमानांसाठी झाला. मग बिचिको उभा राहिला, आवाज खाली आणला, आणि सगळे उठले. गेलेल्यांचा पेला.

मुर्मानचे आईवडील झाले, नाझीब्रोलाचा भाऊ झाला, तिसऱ्या मजल्यावरच्या डोडोचा नवरा झाला. यादी संपली. पण पेल्यात वाइन शिल्लक, समोर वीस माणसं डोळे ओले करून उभी. अशा जागी रंगभूमीवरचा कुठला माणूस थांबला आहे?

"आणि," बिचिको म्हणाला, "तो अनोळखी अमेरिकन. त्यालाही आई असेल. एका सकाळी तो या गाडीत बसला, दार ओढून घेतलं, आणि पुन्हा घरी गेला नाही. त्याने प्राण सोडला म्हणून ही गाडी आपल्या अंगणात आली. बाबा रे, तुझी गाडी चांगल्या माणसांत पडली आहे. तू निश्चिंत राहा."

सगळ्यांनी मृताचा वाटा म्हणून पावाच्या तुकड्यावर वाइनचे थेंब सोडले. डोडो हुंदके देऊ लागली. मुर्मानने तोंड उघडलं. अमेरिकन मेला, हे याला कुणी सांगितलं? पण बोलत्या तमादाला अडवणं म्हणजे प्रेक्षकातून उठून रंगमंचावर चढणं, आणि मृताच्या नावाचा पेला भरलेला ठेवणं त्याहून वाईट. वीस जणांची नजर त्याच्यावर होती. मुर्मानने तोंड मिटलं आणि पेला तळापर्यंत रिकामा केला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नाझीब्रोलाने हातातली थाळी खाली ठेवली.

सकाळी ती म्हणाली, "मी मिनीबसने जाणार."

"का?"

"मेलेल्याच्या जागेवर मी बसणार नाही."

"अगं, कोण मेलंय? बिचिकोने पदरचं घातलं ते."

"मग प्यायलास कशाला?"

"सगळे प्यायले."

"सगळ्यांनी गाडी आणली नव्हती. तू आणलीस. तू प्यायलास, म्हणजे तुला ठाऊक होतं. आणि मला म्हणालास, जराशी घासलीय."

 मुर्मानने सीटचा पट्टा दाखवला, सरळ राहिलेलं स्टिअरिंग दाखवलं, कुठेही डाग नाही हे दाखवलं.

"धुतलंस," ती म्हणाली.

तो बिचिकोकडे गेला. "बाबा, एवढं सांग तिला, की तू अंदाजाने बोललास."

बिचिको गंभीर झाला. "मुर्मान, वीस माणसं उभी राहून प्यायली. आता मी म्हणू, तो मेला नव्हता? जिवंत माणसाच्या नावाने आपण मृतांचा पेला घेतला, असं? त्या बिचाऱ्याला काही झालं तर?"

"अरे, पण तो जिवंत असेल तर?"

"मग त्याला काय फरक पडतो?"

तोडणीला आठ दिवस उरले होते. गॉगल कपाटात होता, रुमालाखालीच, पण आता त्यावर लोकरीचे मोजेही येऊन बसले होते. मुर्मानने गाडी विकणाऱ्या आव्तोला फोन लावला.

"मुर्मानकाका, मी तुर्कस्तानात आहे," आव्तो लगेच म्हणाला, "आणि विकलेला माल परत घेत नाही."

"गाडी उत्तम आहे. अमेरिकन कसा आहे ते विचारायचंय."

"कुठला अमेरिकन?"

"गाडीतला."

गाडी परत येणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. मग आव्तो तुर्कस्तानातून दहा मिनिटांत गावाबाहेरच्या आपल्या कंटेनरमध्ये परतला आणि मुर्मान तिथे पोचल्यावर गाडीच्या नंबरावरून तिचा इतिहास कागदावर काढून दिला. मुर्मानला इंग्रजी अक्षरं लागेनात, आव्तोने वाचून दाखवलं. "रस्त्यावर हरणाला धडक. चालक सुखरूप, इजा नाही."

"मेलं कुणी नाही?"

"हरीण मेलं असणार. रेडिएटरची काय दशा होती ते तुम्हीच पाहिलंत."

मुर्मान तो कागद शर्टाच्या खिशात घालून घराकडे जवळजवळ पळत सुटला. वाटेत त्याने वाक्यही जुळवलं : नाझीब्रोला, घे वाच, आणि गॉगल काढ.

अंगणात आला तर तुतीखाली टेबल मांडलेलं. मृतांसाठी मध आणि बेदाणे घालून शिजवलेल्या गव्हाचं मोठं ताट, त्यात खोचलेली मेणबत्ती, आणि भोवती काळी ओढणी घेतलेल्या अकरा बायका आणि एकटा बिचिको. अंत्यविधीच्या बाबतीत आमच्याकडे डोडोचा शब्द शेवटचा. तिने निवाडा दिला होता, की परक्या देशात ज्याच्यासाठी कुणी मेणबत्ती लावली नाही, त्याचा जीव गाडीतच घुटमळणार. तेव्हा त्याचं सगळं रीतसर करून टाका.

"नाव काय घेऊन करायचं?" मुर्मानने विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"इवाने," डोडो म्हणाली. "अमेरिकेत जॉन म्हणतात. निम्मे जॉनच असतात."

नाझीब्रोला रडली होती. नाक लाल, चेहरा मात्र कितीतरी दिवसांनी हलका. ती मुर्मानजवळ आली. "सकाळपासून गहू शिजवतेय. शिजवता शिजवता वाटलं, माझ्या भावासाठी मी हेच केलं होतं. आता हा काय परका राहिला? आपल्या माणसाच्या गाडीत बसायला कसली भीती?"

"म्हणजे येणार?"

"येणार तर. त्याच्यासाठी माहेरच्या दफनभूमीत एक मेणबत्तीही लावीन म्हणते."

मुर्मानचा हात खिशावर गेला. एका कागदाने अकरा बायका, एक तमादा आणि पातेलंभर गहू हास्यास्पद ठरणार होते. आणि सगळ्यांत जास्त ती, जिने एका हरणासाठी भावासारखे अश्रू ढाळले होते. मग ती मिनीबसनेच काय, पायीसुद्धा राचाला गेली असती. पण त्याने त्या लोखंडाशी पाच महिने खोटेपणा केला नव्हता, एकही दांडा रंगाखाली लपवला नव्हता. आता बायकोपासून लपवायचं?

बिचिकोने पेला त्याच्या हातात दिला. "इवानेसाठी," तो म्हणाला, पहिल्यांदाच थोडक्यात.

पहिल्या वेळी मुर्मान लाजेखातर प्यायला होता. या वेळी नीट समजून, मेलेल्या हरणासाठी प्यायला.

आठव्या दिवशी पहाटे ते निघाले. बंपर आदल्या दिवशी बसला होता, हिरवा. नाझीब्रोलाने गॉगल लावला होता, आणि सूर्य अजून उगवायचा होता. कुताइसी शहर मागे पडलं, रस्ता डोंगरात शिरला, गाडी सरळ रेषेत गुरगुरत चालली होती. स्टिअरिंग सोडलं तरी ती बाजूला ओढत नव्हती, हे मुर्मानला सांगायचं होतं, पण गाडीत तो विषय चालू नव्हता.

"त्याला मुलंबाळं असतील ना रे?" नाझीब्रोला म्हणाली.

मुर्मानने खोटं न बोलता काय बोलता येईल याचा एक वळणभर विचार केला. "असतील."

"कुठे राहायचा, काही कळलं?"

"जंगलाच्या कडेला म्हणे."

"मग शांत स्वभावाचा असणार," ती म्हणाली आणि काच खाली केली.

दोन्ही बाजूंनी झाडी रस्त्यावर उतरत होती. मुर्मानने वेग कमी केला.