शेवयांच्या यंत्रावरची छापचित्रं

सासूबाई अमरावतीहून आमच्याकडे आयर्लंडला, डून लेरीला थोड्या दिवसांसाठी म्हणून आल्या आणि कोविडमध्ये विमानं बंद झाल्यामुळे पुढच्या वर्षीपर्यंत राहिल्या. येताना त्यांनी हाताने फिरवायचं शेवयांचं यंत्र आणलं होतं. विमानतळावर ती जड पेटी ढकलताना माझा नवरा म्हणाला, "आई, इथे मिळतात शेवया."

"मिळत असतीन," त्या म्हणाल्या. विषय संपला.

दोन हजार एकवीसच्या मार्चमध्ये लागोपाठ काही दिवस ऊन पडलं तेव्हा त्यांनी यंत्र मागच्या अंगणातल्या टेबलाला घट्ट बसवलं. मी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. बाहेर आले तर कपडे वाळत घालायच्या स्टँडवर शेवया लोंबत होत्या आणि भिंतीपलीकडून शेजारीणबाई टाचा उंचावून बघत होत्या.

या बाई अमेरिकन. साठीच्या पुढच्या, उंच. पिकल्या केसांच्या अंबाड्यात कायम एखादी पेन्सिल खोचलेली. त्या छापचित्रं करायच्या. चित्र काढण्यापेक्षा वस्तूच कागदावर दाबायची, अशी त्यांची रीत. डब्यांची झाकणं, गाळणी, मोज्यांची लोकर, मास्कच्या चुण्या. आदल्या वर्षभरात आमच्या आणि स्वतःच्या कचऱ्याच्या डब्यांतून त्यांनी काय काय उचललं होतं! मी एकदा विचारलं होतं, फुलं किंवा समुद्र का नाही छापत? "समुद्राकडे रोज सगळे बघतात," त्या म्हणाल्या होत्या. "झाकणाकडे कोण बघतं?"

त्यांचं छपाईचं मोठं यंत्र शहरातल्या स्टुडिओत अडकलं होतं, आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची तेव्हा बंदी होती. घरी त्या दुधाचा रिकामा खोका उलगडून त्यावर वस्तू चिकटवायच्या, शाईचा रूळ फिरवायच्या, वर ओला कागद ठेवून लाकडी चमच्याने घासत बसायच्या. मनगट दुखायचं आणि छाप फिकट यायचा.

"ते काय आहे?" त्यांनी यंत्राकडे बोट दाखवून मला विचारलं. मी सांगितलं. दोन पोलादी रूळ, मधून कणकेची पट्टी जाते. त्यांचे डोळे चमकले. "त्यातून माझा एक खोका घालून बघता येईल?"

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी हातातली शेवई तशीच धरून माझ्याकडे पाहिलं.

"खायच्या यंत्रात शाई? काहीतरीच काय सांगतं वो!"

शेजारीणबाईंना भाषांतराची गरज पडली नाही. "ग्रँड, ग्रँड," असं इथल्या लोकांसारखं, म्हणजे 'ठीक आहे, ठीक आहे', म्हणत त्यांनी दोन्ही हात वर केले आणि आत गेल्या. मला जरा अवघडल्यासारखं झालं. सासूबाई मात्र निवांत शेवया मोडून डब्यात भरत राहिल्या, आणि संध्याकाळी त्यांनी वाडगाभर खीर भिंतीवर ठेवायला लावली.

दुसऱ्या दिवशी वाडगा धुऊन परत आला. त्याखाली एक कागद होता. त्यावर बारीक, काळ्या चौकटी चौकटी. कुठे ताणलेल्या, कुठे गोळा झालेल्या, मधोमध जवळजवळ पुसट. मला वाटलं मासेमारीचं जाळं असेल. इथे बंदर जवळच आहे.

सासूबाईंनी चष्मा लावला. "अवो, ही तं संत्र्याच्या थैलीची जाळी हाय."

त्यांच्या माहेरी संत्र्यांची बाग. लहानपणापासून त्यांनी संत्री भरलेली, बांधलेली, गाडीत चढवलेली बघितली होती. त्या कागद घेऊन खिडकीशी गेल्या आणि जाळीच्या गाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मधात दाब नाही पडला तिचा. हातानं थोडीच पडते."

दुपारी मी खिडकीतून बघते तर सासूबाई स्वेटरवर पदर खोचून, यंत्र दोन्ही हातांनी कवटाळून भिंतीकडे निघालेल्या. मी धावले.

"आई, तेलाची शाई असते ती. एकदा लागली की यावर पुन्हा शेवया नाही करता येणार."

"माहीत हाय मले. शेवया मिळतात म्हने इथं."

भिंतीच्या पलीकडे टेबल लावलं गेलं. खाली शाई लावलेला खोका, त्यावर ओला कागद, वर फाटक्या ब्लँकेटचा तुकडा. अलीकडून आम्ही दोघी बघत होतो. पहिल्यांदा शेजारीणबाईंनी दांडा एवढ्या जोरात फिरवला की कागद चुरगळला. सासूबाईंना राहवेना. "हळू! हळू फिरव म्हना तिले. कनिक समज." मी तसंच सांगितलं. बाई हसल्या, रूळ जरा सैल करून पुन्हा लागल्या. या वेळी जाळी काठापासून काठापर्यंत लखलखीत उमटली. दोघी म्हाताऱ्या एकदमच ओरडल्या, आपापल्या भाषेत.

त्यानंतर सासूबाईंचा दिवस बदलला. दुपारची झोप गेली. स्वयंपाक करता करता त्या हातातली वस्तू उलटी करून बघायच्या. लसणाची साल, चहाची वापरलेली पिशवी, माझ्या नवऱ्याच्या हॉस्पिटलच्या बुटांची तुटकी नाडी. आवडलेलं भिंतीवर ठेवायच्या. भेटीगाठींना परवानगी मिळाल्यावर त्या थेट पलीकडे जाऊन यंत्राचा दांडा फिरवायला बसू लागल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, बाईंना मराठी. मी दुभाषी म्हणून गेले की दोघींनाही माझी अडचण व्हायची.

उन्हाळ्यात स्टुडिओ उघडला. मला वाटलं, आता यंत्र परत येईल. बाई एकदा जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "तिथलं मोठं आहे. हे माझ्या मापाचं आहे."

जुलैत एका रविवारी त्यांनी पुढच्या कुंपणाला दोरी बांधून सगळे छाप चिमट्यांनी टांगले. समुद्रावर फिरायला निघालेले लोक थांबू लागले, ओळखू लागले: ही किसणी, हा मास्क, ही कसली जाळी? एका गृहस्थांनी विचारलं, हे कुणी केलंय? बाईंनी आधी सासूबाईंकडे बोट केलं, मग स्वतःकडे.

"काय म्हनते ते?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी पदर सारखा केला, गृहस्थांना मान लववून नमस्कार केला आणि माझ्याकडे वळल्या.

"तिले सांग, उद्या लवकर बसू. ऊन हाय तवर कागद वाळतीन."