मशीन चालू, मावशी बंद

"मशीन बंद हाय का गं?" ब्लाउज न्यायला आलेल्या बाईनं विचारलं.

"मशीन चालू हाय. मी बंद हाय," दुकानाच्या पायरीवर बसलेल्या शिवणवाल्या मावशी म्हणाल्या.

कशेळे गावात जिथे जीप थांबतात, त्याच्या समोर त्यांचं दुकान आहे. जेवण झालं की त्या रोज पायरीवर बसतात आणि काहीच करत नाहीत. हातात मोबाईल नसतो, निवडायला भाजी नसते. गळ्यात टेप लोंबत असतो. काय करता असं विचारलं तर म्हणतात, "बसलेय." इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला हे उत्तर अर्धवट वाटायचं. माझा लॅपटॉप मिटला तरी डोकं चालूच राहतं.

"अगं, संध्याकाळी हळद हाय," बाई वैतागली. "नसंल जमत तर कर्जतला नेते."

"ने की. सकाळी घाईघाईत एकीची डावी बाही उजवीकडं लावली. तुझी पन तशीच लावू? चहाच्या वेळेला ये, देते."

बाईनं पिशवी उचलली आणि माझ्याकडे वळली. "तू तरी सांग हिला. शिकलेली हायस ना?"

खरं तर माझ्या कुर्त्यासाठी घाई करा, हेच सांगायला मी आले होते. मावशी माझ्याकडे न बघता उठायला लागल्या. पाय सुजले होते, म्हणून भिंतीला हात टेकला. मी काय म्हणणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

मी पायरीपाशी गेले.

"उठू नका, मावशी. थोडं सरका, मलाही बसायचंय."