पेन्शनचा सराव

चार जुने सहकारी जमले की कचेरीचे किस्से निघतात, आणि आमच्या नगरच्या कचेरीचे निघाले की गाडी भाऊसाहेबांवरच थांबते. भाऊसाहेब आमचे हेडक्लार्क. दुपारी लिंबाखाली डबा खाताना ते कुणाचीही पेन्शन तोंडी काढून देत, वर सल्ला फुकट.

आमचा शिपाई दगडू राहात्याकडचा. पेन्शनीत शेळी पाळायचं त्याच्या मनात होतं.

"शेळी बसेल, पण तुझी विडी बसणार नाही," भाऊसाहेबांनी हिशेब सांगितला.

दगडूनं बराच विचार केला. "मंग शेळी ऱ्हाऊ द्या."

*

भाऊसाहेबांचं म्हणणं, रिटायर होण्याआधी सराव हवा. आमच्या कचेरीतल्या कुलकर्ण्यांनी ते मनावर घेतलं आणि घरी बसायच्या सरावासाठी आठवड्याची रजा टाकली. तिसऱ्या दिवशी स्वारी कचेरीत हजर! म्हणाले, "घरात आपली पोस्टच नाही हो."

*

भाऊसाहेबांचा स्वतःचा सराव मात्र कडक. शेवटचं वर्षभर त्यांनी बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या हातात पेन्शनीएवढेच पैसे ठेवले, बाकीचे पोस्टात. दिवस दुष्काळाचे, रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी. तेवढ्या पैशांत घर चालेना. काकूंनी गुपचूप डबे द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं दोन, मी आणि शिंदे, दोघेही बिनलग्नाचे. "ह्यांना कळलं तर डबा बंद," असा काकूंचा दम होता.

म्हणजे लिंबाखाली भाऊसाहेबांपुढे मिलोची भाकरी न् पातळ आमटी, आणि आमच्यापुढे त्यांच्याच घरची भरली वांगी! ते आमच्यातलं एक वांगं उचलत आणि म्हणत, "आमच्या हिला या खानावळीत शिकायला पाठवलं पाहिजे." घरी जाऊन काकूंनाही ते हेच ऐकवत. मला त्या माउलीची फार दया येई.

*

भाऊसाहेब रिटायर झाले. निरोपाच्या भाषणात म्हणाले, "पेन्शनीत घर आरामात चालतं, आम्ही वर्षभर चालवून पाहिलंय." पुढच्या रांगेतून काकूंनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी साडेबाराला मी सवयीनं डबा आणायला गेलो. दार भाऊसाहेबांनीच उघडलं. मागून काकू दोन डबे घेऊन आल्या.

भाऊसाहेबांनी एका डब्याचं झाकण उघडलं. भरली वांगी होती. मला वाटलं, संपलं आता.

"एका डब्याचे महिन्याला किती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, बोटांवर हिशेब केला. "अजून चार गिऱ्हाइकं मिळतील?"

"मिळतील," काकू म्हणाल्या. "पोचवायला माणूस नाही."

पुढच्या सोमवारी आम्ही लिंबाखाली बसलो होतो. फाटकातून भाऊसाहेब सायकलवर आले, हँडलला सहा डबे. दगडूनं उठून सलाम ठोकला.



"सलाम राहू दे," भाऊसाहेब म्हणाले, "रिकामे डबे धुऊन ठेव. मालकीणबाई रागावतात."