इकाले गेलं तं काय येईन

माझा मोठा भाऊ कुठल्याही ट्रॅक्टरपाशी गेला की आधी एकच गोष्ट विचारायचा, "दोन वर्सानं इकाले काहाडला, तं किती येईन?" दुकानदार हसायचे. घेण्याआधीच विकायची भाषा करणारं गिऱ्हाईक त्यांना नवीन असायचं. मी बाजूला उभा असायचो आणि मला त्या प्रश्नाची लाज वाटायची.

एकोणीसशे सत्तर उलटून एक-दोन वर्षं झाली होती. मी बालाघाट जिल्ह्यातल्या रामपायलीच्या शाळेत मास्तर होतो आणि दादा तिथून दोन कोसांवरच्या आमच्या गावात धान पिकवायचा. तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो; पुढचं माझं सगळं शिक्षण त्यानं केलं. घरात तो, वहिनी, त्यांच्या दोन लहान मुली आणि मी, एवढीच माणसं.

त्या वर्षी भादव्यात आमची हेल्यांची, म्हणजे रेड्यांची, जोडी रोगानं गेली, एकामागून एक, आठ दिवसांत. धान रोवण्याआधीचा चिखल आमच्याकडं हेल्यांनीच व्हायचा. त्याच सुमारास कालव्यात गेलेल्या आमच्या तुकड्याचे पैसे सरकारकडून आले. दिवाळी झाल्यावर दादा म्हणाला, "आता हेले नाई घ्याचे. लहानसा ट्रॅक्टर घेऊ." लहानसा अशासाठी, की आमच्या बांध्या, म्हणजे मातीच्या धुऱ्यांनी वेढलेले धानाचे तुकडे, एवढ्याशा होत्या. मोठा ट्रॅक्टर वळतानाच धुरा मोडायचा.

दादाला जेमतेम वाचता यायचं. त्यामुळे कागद वाचायचे, दुकानदाराशी हिंदीत बोलायचं आणि कोणता चांगला ते ठरवायचं, हे काम त्यानं माझ्यावर टाकलं. मला ते आवडलं. त्या हिवाळ्यात आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी ट्रॅक्टर बघत हिंडलो. ट्रॅक्टरची नावं आमच्या तोंडात बसली नाहीत. आम्ही रंगानं बोलायचो.

पहिला निळा. देशातच बनणारा, बालाघाटच्या दुकानात पाहिलेला. किंमत तिन्हींत सगळ्यात जास्त, पण मागणी एवढी, की पैसे घेऊन गेलं तरी मिळत नव्हता. दुकानदार म्हणाला, "नंबर लगाना पड़ेगा, मास्टरजी. साल, डेढ़ साल." दादानं त्याचा प्रश्न विचारला. दुकानदार म्हणाला, "पुराना भी नए के भाव में जाता है."

बाहेर येऊन दादा सायकलला टेकून उभा राहिला. "दीड वर्स," तो म्हणाला आणि हसला. "दीड वर्स कोन थांबते?" मला वाटलं, त्याला घाई झाली आहे.

दुसरा करडा. तो बैहरला एका जंगल ठेकेदाराकडं होता, सहा वर्षांचा जुना. आम्ही बसनं गेलो. ट्रॅक्टर सागाच्या लाकडांच्या ढिगाशेजारी उभा होता. पत्र्याला ठिगळं मारलेली, एक दिवा गायब, खाली तेलाचा डाग. ठेकेदार मात्र सरळ बोलला. "जितने में लिया था, उतने में दे रहा हूँ. तुम भी उतने में ही बेच लोगे. इसका सामान बालाघाट में कहीं भी मिल जाता है." दादानं ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारल्या. बराच वेळ पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला.

"हाच घेऊ का रे?" त्यानं हळूच विचारलं.

"दादा, याच्यात काय राह्यलं हाय? भंगार हाय हे," मी म्हणालो.

तिसरा लाल. परदेशातून आलेला, गोंदियाच्या एका नव्या एजन्सीत काचेमागं ठेवलेला. निळ्यापेक्षा बराच स्वस्त, आणि नंबर लावायची भानगड नाही. आज पैसे भरा, उद्या न्या. त्याच्याबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. ती मी शाळेत नेऊन शब्दकोश उघडून वाचली. तेल कमी खातो, वजनानं हलका, लहान जागेत वळतो. जणू कोणी आमच्या बांध्या पाहून तो बनवला होता. विकायचं विचारल्यावर एजन्सीतला माणूस म्हणाला, "बेचने की नौबत ही नहीं आएगी." मला ते उत्तर फार आवडलं होतं.

तरी खात्री करावी म्हणून मी उकव्याला गेलो. तिथल्या मँगनीजच्या खाणीजवळ एक म्हातारा फिटर राहायचा. त्याच कंपनीचं एक इंजिन त्यानं पूर्वी पंपावर चालवलं होतं. तो म्हणाला, "इंजन तो बढ़िया है. बहुत बढ़िया. लेकिन इसका पुर्जा टूटा तो लाओगे कहाँ से?" घरी येऊन मी दादाला फक्त पहिलं वाक्य सांगितलं. मुद्दाम लपवलं असं नाही. दुसरं वाक्य माझ्या लेखी महत्त्वाचंच नव्हतं.

मग मी परीक्षेच्या कोऱ्या कागदावर तिन्हींना गुण दिले. किमतीला तीस, गुणवत्तेला साठ आणि विकताना येणाऱ्या भावाला दहा. लाल पहिला आला. दादा कागदावर वाकून बसला होता. दहाच्या आकड्यावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "याले दहाच काहून?"

"आपन काय इकाले घेऊन राह्यलो का?" मी म्हणालो. मास्तरकीचा जोर होता आवाजात.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "हौ, बराबर हाय तुजं. तू शिकेल हायस."

लाल ट्रॅक्टर फाल्गुनात घरी आला. आषाढात त्याला लोखंडी जाळीची चाकं लावली. हेल्यांना तीन आठवडे लागायचे तो चिखल पाच दिवसांत उरकला. आजूबाजूच्या गावचे लोक धुऱ्यावर उभे राहून बघायचे. दादा पोटाला दुपट्टा करकचून बांधून चालवायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "हिसके लय बसतात."

पाचव्या दिवशी दुपारी मी त्याचं जेवण घेऊन शेतावर गेलो. त्यानं डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला. आम्ही धुऱ्यावर बसलो होतो. बांधीत चिखलाचं पाणी अजून हलत होतं.

"दिवाळीच्या आंदी मी नागपूरले गेलतो ना," तो म्हणाला, "बंडीच्या टायरचा भाव इचाराले."

"हौ."

"टायरचा नाई. पोट दाखवाले गेलतो. गाठ हाय म्हनते डाक्टर. कापूनबी उपेग नाई म्हनते. दोन वर्स निंगले तं लय झाले."

मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय. कळल्यावर मी विचारलं ते हे, "मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू रडत बसला असता. ट्रॅक्टर कोनं पाह्यला असता?" तो शांतपणे बोलत होता, जणू शेताचा एखादा व्यवहार. "पैसा घरात ठेवला असता तं औषधातच गेला असता. तुमी आयकलं नसतं. म्हनून म्हनलं, ट्रॅक्टर घेऊ. मी हाय तवरक शेती होईन. मी गेल्यावर तुजी वहिनी थे काय चालवन? इकन. पोरींचं होईन त्यात." मग म्हणाला, "तिले सांगू नको."

तेच तर तो विचारत आला होता. दर दुकानात, दर वेळी. आणि मी त्या प्रश्नाला शंभरांतले दहा गुण दिले होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकून गोंदियाला गेलो. एजन्सीच्या काचेमागं आता शिवणयंत्रं होती. तोच माणूस बसला होता. ट्रॅक्टर परत घेता का, निदान कोणी घेणारा आहे का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "नया ही नहीं बिका, मास्टरजी. पुराना कौन लेगा?" कंपनीनं इकडं माल पाठवणं बंद केलं होतं. मी त्याच्याशी भांडलो. भांडता भांडता माझाच आवाज फुटला, तेव्हा त्यानं मला पाणी दिलं.

घरी आलो. दादा ओसरीत पडला होता. त्यानं फक्त भुवया उंचावून विचारलं. मी म्हणालो, "चांगला भाव येईन म्हनते. घेतला तेवढा तं कुठं गेला नाई."

"बस मंग," तो म्हणाला आणि कुशीवर वळला. त्या दिवसापासून त्यानं तो प्रश्न कधी विचारला नाही. माझं बोलणं त्याला खरं वाटलं, की मला बरं वाटावं म्हणून त्यानं ते खरं मानलं, हे मला आजही सांगता येत नाही. दोन वर्षं काही निघाली नाहीत. पुढच्या माघात, धान कोठीत भरून झाल्यावर, तो गेला.

उन्हाळ्यात ट्रॅक्टरचा मागचा नांगर उचलणारा पंप निकामी झाला. मी नागपूरपर्यंत जाऊन आलो. तो पुर्जा कुणी पाहिलाही नव्हता. तरी गिऱ्हाइकं येत राहिली. वारासिवनीचे आले, लांजीचे आले. ट्रॅक्टर चालू करून बघायचे, इंजिनाचा आवाज ऐकून मान डोलवायचे, वहिनीच्या हातचा चहा प्यायचे आणि जाताना म्हणायचे, "मशीन बढ़िया है, पर सामान नहीं मिलता." वहिनी दर वेळी अंगण झाडून ठेवायची. सातव्या-आठव्या गिऱ्हाइकानंतर तिनं झाडणं सोडलं. बैहरचा तो करडा ट्रॅक्टर ठेकेदारानं सांगितलेल्या भावालाच विकला गेल्याचं मला त्याच दिवसांत कळलं. मी ते घरी बोललो नाही.

पुढं दोन पावसाळे ट्रॅक्टर अंगणात भिजला. शेवटी तो तुकड्या-तुकड्यांनी गेला. टायर एकानं बंडीला, म्हणजे बैलगाडीला, लावायला नेले. इंजिन एकानं धान कांडायच्या गिरणीसाठी नेलं. उरलेलं भंगारवाल्यानं तराजूवर तोललं. सगळं मिळून जे हातात आलं, त्यातून थोरलीचं एक वर्षाचं शिक्षणही नीट झालं नसतं.

माझा पगार होता, पण त्यावर राहायला वहिनी तयार झाली नाही. तिनं शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलं आणि बैहरला मुलींच्या सरकारी वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं. तिथं मुलींनाही ठेवून घेणार होते. मी त्यांना पोचवायला गेलो. बैहरच्या बसस्टँडवर पेट्या उतरवून झाल्यावर मला राहवलं नाही. दादाचं पोट, नागपूर, त्याचा प्रश्न, माझं लाल ट्रॅक्टरच्या मागं लागणं, सगळं मी तिला सांगून टाकलं.

वहिनीनं ऐकून घेतलं.

"पोटाचं मले ठाऊक होतं, भाऊजी," ती म्हणाली. "दुपट्टा मीच तं बांधून देत होती. मले ठाऊक हाय हे त्याह्यले कळू देल्लं नाई, येवढंच."

तिनं पेटीची कडी नीट लावली.

"मले इचारलं असतं तं मी हेलेच घ्या म्हनलं असतं. हेले कोनीबी घेते. पन कोनं ट्रॅक्टर पाहाले गेलं, कोनं कागद लिवले, मले कोनी इचारलंच नाई. ना त्याह्यनं, ना तुमी."

तिनं धाकटीला कडेवर घेतलं, थोरलीच्या हाती पिशवी दिली. दोन पेट्या वसतिगृहाच्या चपराशानं उचलल्या. मी सोबत निघालो तर ती म्हणाली, "राहू द्या. तुमची बस चुकन." ती चौघं रस्त्याच्या चढावरून वर गेली. माझी बस आली, लागली आणि सुटली. मी बाकावरच बसून होतो.